पतितांचा पुनःप्रवेश: कार्थेजच्या ख्रिस्तमंडळीतील एक जुना वाद

धर्मावर राजसत्तेचे संकट कोसळते तेव्हा जे अढळ राहिले त्यांची चरित्रे पुढे लिहिली जातात, त्यांच्या पुण्यतिथ्या पाळल्या जातात. जे वाकले, ज्यांनी भीतीने, माराने किंवा लेकराबाळांकडे पाहून नको ते केले, त्यांचा इतिहास बहुधा कोणी लिहीत नाही. गोमंतकातील वाचकांस हे निराळे सांगावयास नको. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा नदी ओलांडून अंत्रुजात गेली. देवामागून गेलेल्या कुळांच्या कथा आपण घरोघर ऐकतो. जी माणसे मागे राहिली त्यांच्याविषयी मात्र त्याच घरांतून मौन असते. नेताजी पालकर दहा वर्षे परधर्मात काढून १६७६ मध्ये परत आले आणि शिवछत्रपतींनी त्यांस शुद्ध करून घेतले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. आणि ती इतक्या वेळा सांगावी लागते यावरूनच ती किती अपवादात्मक होती हेही कळून येते.

पडलेल्यांस परत घ्यावे काय, घ्यावे तर कोणत्या अटीवर, आणि त्यांस पारखणारा स्वतः किती शुद्ध असावा, या प्रश्नांनी खुद्द ख्रिस्ती समाज एके काळी इतका हादरून गेला होता की त्याची दोन शकले झाली. तो वाद उत्तर आफ्रिकेत, आजच्या ट्युनिशिया व अल्जीरिया या प्रदेशांत, सुमारे पावणेदोनशे वर्षे चालला. त्या काळी ख्रिस्ती माणसे संख्येने थोडी होती, आणि त्यांस यज्ञबली अर्पावयास लावणारे रोमन अधिकारी हे अनेक देवांचे उपासक होते. आपल्या परिचयाच्या चित्रातील पात्रांची ही अदलाबदल वाचकांनी प्रथमच ध्यानी घ्यावी.

इ. स. २४९ मध्ये डेसियस हा रोमचा सम्राट झाला. साम्राज्यावर चहूकडून शत्रू येत होते आणि देव कोपले आहेत अशी समजूत पसरली होती. डेसियसने आज्ञा काढली की, राज्यातील प्रत्येकाने देवांस बली अर्पावा, तर्पण करावे, नैवेद्याचे मांस चाखावे आणि नेमलेल्या पंचांकडून तसा दाखला घ्यावा. ईजिप्तच्या कोरड्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले पपायरसवर लिहिलेले सापडले आहेत; त्यांतला पहिला १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. चौतीस दाखले तर थिआडेल्फिया या एकाच खेड्यातले आहेत. सगळ्यांचा मजकूर ठरीव: अर्जदाराचे नाव व गाव, आपण नेहमीच देवांस भजत आलो असून आता तुमच्यासमक्ष बली दिला आहे हे निवेदन, आणि खाली पंचांची सही. आपल्या मामलेदार कचेरीतील छापील अर्जाची आठवण व्हावी असा तो कोरडा कागद आहे. त्यांतील एक दाखला मगरदेवाच्या एका पुजारणीचा आहे. जी आयुष्यभर देवाचीच सेवा करीत होती तिलाही, आपण देव मानतो, असे सरकारास लिहून द्यावे लागले! सत्ता जेव्हा श्रद्धेचा पुरावा मागू लागते तेव्हा श्रद्धावानासही रांगेत उभे राहावे लागते.

कार्थेज नगरीत ही आज्ञा पोहोचली तेव्हा तेथील ख्रिस्तमंडळीचा बिशप सिप्रियन हा होता. पूर्वाश्रमीचा हा वक्तृत्वशास्त्राचा नामांकित अध्यापक. बाप्तिस्मा घेऊन त्यास फार वर्षे झाली नव्हती. त्याने स्वतः लिहून ठेवले आहे की, छळ सुरू होण्यापूर्वीच लोकांनी हार पत्करली. टेकडीवरील देवालयाकडे माणसांची रीघ लागली. सायंकाळ झाली म्हणून अधिकाऱ्यांनी काहींस उद्या येण्यास सांगितले, तर ते आजच उरकून घ्या म्हणून विनवू लागले. आईबापांनी कडेवरच्या मुलांचे हात धरून त्यांच्याकडून विधी करविला. श्रीमंत गेले ते मिळकतीच्या भयाने, आणि गरीब गेले ते श्रीमंत गेले म्हणून. ज्यांच्यापाशी पैसा व ओळख होती त्यांनी बली न देताच लाच देऊन दाखला मिळविला. स्वतः सिप्रियन नगराबाहेर लपून राहिला आणि तेथून पत्रांनी कारभार पाहू लागला. मेंढपाळ पळाला अशी टीका रोमच्या धर्मगुरूंनीही केली. ती त्याला लागली, हे त्याच्या पत्रांवरून स्पष्ट दिसते. पुढे २५८ च्या सप्टेंबरात याच सिप्रियनने शिरच्छेद शांतपणे स्वीकारला. पण २५० साली तो पळालेला होता, आणि पडलेल्यांचा न्याय त्यालाच करावयाचा होता.

वर्षभरात लाट ओसरली. पडलेले लोक परत दाराशी आले. ते थोडेथोडके नव्हते, मंडळीचा मोठा भाग तोच होता. प्रत्यक्ष बली देणारे, केवळ धूप टाकणारे आणि नुसता दाखला विकत घेणारे असे त्यांचे प्रकार पडले, व त्या प्रत्येकास लॅटिन भाषेत स्वतंत्र नाव मिळाले. इकडे तुरुंगात हालअपेष्टा सोसून अचल राहिलेल्या साक्षींना लोकांत देवासारखा मान होता. पतितांनी त्यांच्याकडे धाव घेतली आणि साक्षींनी उदारपणे शिफारसपत्रे वाटावयास आरंभ केला. काही पत्रांवर, अमका व त्याची माणसे यांस आत घ्यावे, एवढेच मोघम लिहिलेले असे. एका चिठ्ठीवर वीस वीस, तीस तीस जण येऊन उभे राहतील, अशी सिप्रियनने तक्रार केली आहे. ज्यांनी स्वतः यातना भोगल्या ते क्षमा करावयास तयार आणि ज्याने भोगल्या नाहीत तो नियम दाखवीत आहे, असा विचित्र देखावा कार्थेजने पाहिला. माझ्या मते सिप्रियनची बाजू येथे लंगडी होती. परंतु चिठ्ठ्यांनी मिळालेली क्षमा स्वस्त होईल ही त्याची भीती मात्र खोटी नव्हती.

२५१ च्या वसंतानंतर आफ्रिकेतील बिशपांची सभा कार्थेजला भरली. ज्यांनी केवळ दाखला घेतला त्यांची एकेकाची चौकशी करून त्यांस परत घ्यावे, आणि ज्यांनी बली दिला त्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करीत राहावे, मरणसमयी त्यांस प्रभुभोजन द्यावे, असा मध्यम मार्ग ठरला. या निर्णयापेक्षा त्यामागील विचार मला अधिक मोलाचा वाटतो. सिप्रियन एका पत्रात विचारतो की, जो आपण होऊन धावत गेला आणि जो बराच काळ झगडून नाइलाजाने गेला, ते दोघे सारखेच काय? ज्याने बायकामुले, कुळे, स्नेही या सर्वांस सोबत ओढून नेले तो, आणि ज्याने सर्वांच्या वतीने एकट्याने ते पाप अंगावर घेऊन घरचे रक्षिले, शिवाय पळून आलेल्या धर्मबंधूंस आपल्या घरात आसरा दिला तो, यांना एकच माप लावावे काय? कृत्य एक असले तरी माणूस एक नाही, ही गोष्ट त्याने ओळखली.

काप्सा गावच्या तिघांचे प्रकरण असेच आहे. निनस, क्लेमेंशियानस व फ्लोरस ही त्यांची नावे. स्थानिक अधिकाऱ्यापुढे व संतप्त जमावापुढे ते ठाम राहिले; पण पुढे प्रांताधिपतीने दिवसचे दिवस यातना दिल्या तेव्हा त्यांचे शरीर हरले. तीन वर्षे ते शोक करीत मंडळीच्या दाराबाहेर राहिले होते. यांचे काय करावे, असे बिशपांनी विचारता सिप्रियनने आपले मत कळविले की, मन जिंकले गेले नाही, केवळ देह थकला; तीन वर्षांचे अश्रू पुरेसे आहेत. पुढे २५३ च्या सुमारास नव्या छळाची चिन्हे दिसू लागली तेव्हा प्रायश्चित्त करीत असलेल्या सर्वांनाच आत घेण्यात आले. ज्यांनी ख्रिस्तासाठी रक्त सांडावे अशी आपण अपेक्षा करतो, त्यांनाच पवित्र भोजनाचा पेला कसा नाकारावा, असे कारण बिशपांनी दिले.

हे वाचीत असता देवलस्मृतीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. सिंधुतीरी बसलेल्या देवलास मुनिजन विचारतात की, म्लेंच्छांनी बळाने नेलेल्या लोकांची शुद्धी कशी व्हावी. आणि तो काळाचे, कृत्याचे व वर्णाचे भेद पाडीत एकेकास प्रायश्चित्त सांगत जातो. बालकांस, वृद्धांस, स्त्रियांस व रोग्यांस ते निम्मे. दोन अगदी भिन्न धर्मपरंपरा सारख्याच आपत्तीत सापडल्या आणि दोहोंनी वजनकाटा हाती घेतला, हे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. फरक इतकाच की, देवलाचा ग्रंथ आपल्याकडे पोथीत राहिला आणि व्यवहारात ग्रामण्ये चालली. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, १८९० मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहावरून केवढे काहूर उठले ते सर्वश्रुत आहे.

सिप्रियनचा मध्यम मार्ग रोममधील नोव्हेशियन या विद्वान धर्मगुरूस मान्य झाला नाही. पतितांस परमेश्वर क्षमा करील तर करो, ख्रिस्तसभेस तो अधिकार नाही, असे म्हणून त्याने आपली निराळी मंडळी स्थापिली. त्याचे अनुयायी स्वतःस ‘शुद्ध’ म्हणवीत आणि कित्येक शतके ते टिकले. इतिहासकार सॉक्रेटिस सांगतो की, ३२५ च्या निकाया सभेस त्यांचा अकेसियस नामक बिशप आला होता. त्याचे कडक मत ऐकून सम्राट कॉन्स्टंटाईनने त्यास एक शिडी लावून एकट्यानेच स्वर्गी चढण्याचा सल्ला दिला. सम्राट धर्मशास्त्री नव्हता, पण हा टोला त्याला साधला.

ही झाली सामान्य जनांची कथा. धर्मगुरूच पडला तर काय? येथे सिप्रियन स्वतःच कठोर होता. पतित बिशपास पुन्हा अधिकार देऊ नये आणि मंडळीबाहेर दिलेला बाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हे, असे तो मानी. या बीजातून पन्नास वर्षांनी मोठे झाड उगवले.

३०३ मध्ये डायोक्लेशियन सम्राटाने ख्रिस्ती देवळे पाडावी व धर्मग्रंथ जप्त करून जाळावे असा हुकूम काढला. त्या वर्षी १९ मे रोजी सिर्टा नगरीत नगराधिकारी ज्या घरात उपासना चाले तेथे गेले. त्या झडतीचा पंचनामा सुदैवाने शिल्लक आहे. बिशप पॉल बसून आहे, सेवक वस्तू आणून ठेवीत आहेत आणि कारकून लिहून घेत आहे: सोन्याचे पेले २, चांदीचे ६, दिवे, समया, नंतर बायकांचे अंगरखे ८२, ओढण्या ३८, पुरुषांचे अंगरखे १६, पुरुषांची पायताणे १३ जोड, बायकांची ४७ जोड. हे देवाचे वैभव नव्हे, विधवा व निराश्रित यांना वाटण्यासाठी ठेवलेले कपडे ते. कोठीत लपविलेली चांदीची पेटी व दिवा शोधून अधिकाऱ्यांच्या हवाली करणारा जो सेवक होता त्याचे नाव सिल्व्हानस. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

ग्रंथ हवाली करणाऱ्यांस ‘त्राडितोर’, म्हणजे हवाली करणारा, असे नाव पडले. द्रोही या अर्थाचा इंग्रजी शब्द याच धातूपासून निघाला. संकट निवळल्यावर काही बिशप सिर्टा येथे जमले. वयोवृद्ध सेकंडस अध्यक्षस्थानी होता. आपणांपैकी कोणी ग्रंथ दिले काय, असे तो एकेकास विचारू लागला. एकाने शुभवर्तमानाचे ग्रंथ आगीत टाकल्याचे कबूल केले. एकाने, मी धर्मग्रंथाऐवजी वैद्यकाची पुस्तके दिली, असे सांगितले. पर्प्युरियस नावाच्या बिशपावर आपल्या बहिणीच्या मुलांस मारल्याचा आरोप होता. तो उलट सेकंडसवरच उसळला की, तुला अधिकाऱ्यांनी पकडले होते, मग तू काय देऊन सुटलास ते आधी सांग. तेव्हा सेकंडसच्या पुतण्याने त्याच्या कानात सांगितले की, हे सर्व ईश्वराच्या न्यायावर सोडावे हे बरे. मग सर्वांनी ‘देवाचे आभार’ म्हणून आपापली आसने घेतली आणि सिर्टाच्या बिशपपदी निवड केली ती सिल्व्हानसची!

हे इतिवृत्त खोटे आहे असे विरुद्ध पक्षाने पुढे म्हटले, हे सांगितले पाहिजे. पण पुढील घटना निर्विवाद आहे. ३११-१२ च्या सुमारास कार्थेजच्या बिशपपदी सेसिलियन याची स्थापना झाली, तेव्हा याच सेकंडसच्या नेतृत्वाखाली सुमारे सत्तर बिशप आले आणि सेसिलियनवर हात ठेवणारा अप्टुंगाचा फेलिक्स हा ग्रंथद्रोही आहे, सबब ही स्थापना भ्रष्ट आहे, असे जाहीर करून त्यांनी दुसरा बिशप नेमला. त्यानंतर त्या जागी डोनेटस आला. त्याच्या नावाने हा पंथ ओळखला जातो. ३१५ मध्ये चौकशी होऊन फेलिक्स निर्दोष ठरला. त्याच्याविरुद्ध दाखविलेल्या पत्रात पाठीमागून ओळी घुसडल्याचे उघडकीस आले. ३२० मध्ये दुसऱ्या चौकशीत सिल्व्हानसची ती चांदीची पेटी बाहेर आली आणि वर उद्धृत केलेला पंचनामा कोर्टात वाचला गेला. शुद्धांच्या पक्षाचा सिर्टातील अध्वर्यू स्वतःच हवाली करणारा निघाला. तरीही पंथ वाढतच गेला, कारण आफ्रिकेच्या खेड्यापाड्यांतील गरिबांस त्यात आपला स्वाभिमान दिसत होता. प्रतिपक्षाची देवळे हाती आली की डोनेटसपंथी वेदी खरवडून काढीत आणि भिंती व फरशी खाऱ्या पाण्याने धूत, असे ऑप्टेटस लिहितो. गोमूत्र शिंपडणाऱ्या आपल्या समाजास यात नवल वाटू नये.

या पंथाच्या ऐन भराच्या काळात ऑगस्टीन हा हिप्पो या बंदराच्या गावी बिशप झाला. त्याची तारुण्यातली वागणूक त्याने स्वतःच ‘कबुलीजबाब’ या ग्रंथात जगापुढे मांडली होती. डोनेटसपंथी पेटिलियन याने त्याच पूर्वचरित्रावरून त्यास हिणविले. पेटिलियनचे म्हणणे असे की, देणाऱ्याचे अंतःकरण शुद्ध असेल तरच घेणारा शुद्ध होतो. ऑगस्टीनने सरळ प्रश्न केला: देणाऱ्याचे अंतःकरण मला दिसते काय? ते गुप्तपणे मलिन असेल तर माझा बाप्तिस्मा खरा की खोटा हे मला कधी कळावे? मग मी ईश्वरावर नव्हे, एका माणसावर विसंबून राहिलो. संस्कार ख्रिस्ताचा आहे, पाद्र्याचा नव्हे. आणि ख्रिस्तमंडळी म्हणजे खळे आहे, त्यात दाणा आणि फोलपट शेवटच्या उफणणीपर्यंत एकत्रच राहणार. गंमत अशी की, टिकोनियस या डोनेटसपंथी विद्वानानेच मिश्र मंडळीचा हा विचार आधी मांडला होता, आणि त्याबद्दल त्याच्याच लोकांनी त्यास दोषी ठरविले होते.

४११ च्या जूनमध्ये सम्राटाचा प्रतिनिधी मार्सेलिनस याच्यापुढे कार्थेजला वादसभा भरली. दोन्ही बाजूंचे मिळून साडेपाचशेहून अधिक बिशप गोळा झाले. ऑगस्टीनच्या पक्षाने आधीच लिहून दिले होते की, आम्ही हरलो तर पदे सोडू. जिंकलो तर तुमच्या बिशपांस आमच्या बरोबरीने पदावर ठेवू. बसण्यास सांगितले असता डोनेटसपंथीयांनी नकार दिला. पाप्यांच्या पंक्तीस बसू नये अशी शास्त्राज्ञा आहे, असे ते म्हणाले आणि उभेच राहिले.

निकाल त्यांच्याविरुद्ध गेला. येथवर ऑगस्टीनविषयी आदरच वाटतो. पुढे वाटत नाही. ४१२ च्या जानेवारीत कायदा निघाला: पंथ न सोडणाऱ्या उच्चपदस्थास ५० पौंड सोने दंड, त्याखालच्यांस उतरत्या श्रेणीने, आणि गुलाम व कुळे यांना फटके. मृत्युदंड नको म्हणून ऑगस्टीनने विनवण्या केल्या, हे खरे. डोनेटसपंथीयांतील दंडेलांनी मारहाणी केल्या होत्या, हेही खरे. पण पूर्वी बळजबरीस विरोध करणाऱ्या याच लेखणीने, मेजवानीच्या दृष्टांतातील यजमान पाहुण्यांस बळेच आत आणावयास सांगतो याचा आधार घेऊन, सक्तीचे समर्थन केले. अपूर्ण माणसांसाठी उघडलेल्या दारातून आता त्यांस ढकलण्यात येऊ लागले. तो आधार युरोपात पुढे शतकानुशतके वापरला गेला. गोव्यात १५६० मध्ये जे इन्क्विझिशन बसले त्याचा मोठा रोख बाप्तिस्मा घेऊन पुन्हा जुन्या देवाकडे वळणाऱ्यांवर होता, आणि ते १८१२ पर्यंत चालले.

तथापि सिप्रियनच्या पिढीच्या व्यवस्थेतील एक गोष्ट यामुळे झाकली जाऊ नये. तेथील प्रायश्चित्तास मुदत असे. निकायाच्या सभेने, बळजबरीवाचून पडलेल्यांसही, तीन वर्षे श्रोत्यांत, सात वर्षे दंडवत घालणाऱ्यांत व दोन वर्षे नुसत्या प्रार्थनेत, असा बारा वर्षांचा क्रम लावून दिला. तेरावे वर्ष लागले की तो मनुष्य इतरांच्या पंक्तीस बसे. त्याच्यासाठी निराळे नाव नव्हते. १९२८ मध्ये मसूरकर महाराजांनी गोमंतकात हजारो गावड्यांस विधिपूर्वक हिंदु धर्मात परत घेतले. ते लोक त्यानंतर ‘नवहिंदू गावडे’ या नावाने ओळखले जाऊ लागले.